बाबांची लाल रेघ

आमच्या बाबांनी जन्मभर बोल्ट आवळले. आई म्हणायची, "जगाला सगळं ढिलं करणारी माणसं भेटतात, आवळणारा नेमका माझ्या वाट्याला आला."

शहराबाहेर डेटा सेंटर उभं राहत होतं. बाबा तिथे वीजजोडणीच्या टोळीत होते आणि मी तपासणी इंजिनियर. त्या इमारतीला एकही खिडकी नाही. आत लोखंडी कपाटांच्या रांगा, त्यांत संगणक बसणार. जमिनीखालून गार हवा, एका खोलीत नुसत्या बॅटऱ्या, मागच्या आवारात खोलीएवढे जनरेटर. लोकांना वाटतं, आपले फोटो वर आकाशात कुठेतरी ठेवलेले असतात. कसलं आकाश! ते आमच्या बाबांच्या बोल्टवर ठेवलेले असतात.

वीज तांब्याच्या जाड पट्ट्यांतून येते आणि पॅनेलच्या लोखंडी पेटीत पट्टीला पट्टी जोडली जाते ती बोल्टने. बोल्ट ठरलेल्या मापापर्यंत आवळला की पाना 'कट्' असा आवाज करतो. मग लगेच नटावरून पट्टीपर्यंत लाल मार्करची रेघ मारायची. एक बोल्ट, एक रेघ, मग पुढचा. रेघ म्हणजे हा बोल्ट झाला, अशी शपथच. सैल राहिलेला जोड तापतो, वितळतो, स्फोट होतो आणि पॅनेलचं दार समोरच्याच्या छातीवर येतं. तसं जळलेलं एक पॅनेल मी पाहिलंय. त्याच्यासमोर उभा असलेला माणूस मात्र मला कुणी दाखवला नाही.

विजेचा पूर्ण भार टाकून बघायचा दिवस आला. ब्रेकरचा मोठा खटका चालू करायला मीच उभी राहणार होते. सकाळी बूट घालत होते, तर बाबा वाट अडवून दारात उभे.

"आज रजा टाक."

"का?"

"टाक म्हणतो ना. ताप आलाय म्हणून सांग."

तीस वर्षांत एकदाही दांडी न मारलेला माणूस मला दांडी मारायला शिकवत होता. मी हसणार होते, पण त्यांचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो डाव्या हाताने घट्ट धरला होता.

मग दारातच त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून हे चाललं होतं. कळलं तर घरी बसवतील म्हणून त्यांनी आम्हालाही पत्ता लागू दिला नाही. दर बोल्टनंतर टोपण काढून रेघ मारणं जमेना, म्हणून ते आधी अख्खी ओळ आवळायचे आणि मग मनगट पॅनेलच्या कडेला टेकवून सगळ्या रेघा एकदम मारायचे. परवा सातव्या पॅनेलात बारापैकी नऊ बोल्ट झाले आणि गॅस संपल्याचा आईचा फोन आला. बोलून परत आले आणि बाराही बोल्टांवर रेघा मारून मोकळे झाले.

"शेवटचे तीन आवळले का, ते आठवत नाही गं. दोन दिवस नुसता आठवतोय."

मला संताप आला.

"आणि माझ्या जागी जो उभा राहील त्याचं काय, बाबा? तो कुणाचा कुणीच नाही का?"

ते हळूच म्हणाले, "पण माझ्यानंतर तू पाना लावून बघितलंस ना? नियम आहे तुमचा."

नियम आहे. प्रत्येक बोल्टला मी स्वतः पाना लावायचा आणि लाल रेघेशेजारी माझी निळी ओढायची. बाकी सगळ्यांच्या पॅनेलांत मी लावला. बाबांच्या पॅनेलांत नुसता बॅटरीचा उजेड मारला, लाल रेघा पाहिल्या, निळ्या ओढल्या आणि सही ठोकली. बाबांची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! खरं सांगायचं तर बापाला तपासायची मला लाज वाटली.

"नाही," मी म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

आम्ही तसेच साईटवर निघालो. आपण जायच्या आत कुणी अतिशहाणा ब्रेकर चालू करून बसेल, हेच माझ्या डोक्यात. आधी साईटच्या मोठ्या साहेबांना गाठलं. मग मीच सांगितलं, माझ्या सहीसकट. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "सातवं उघडा."

पाना त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. दहावा बोल्ट. कट्. अकरावा. कट्. बारावा. कट्.

बाबा हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाच ठाऊक. माझाही जीव भांड्यात पडला. साहेबांनी मात्र पाना खाली ठेवला नाही.

"आता पहिल्यापासून."

पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही कट्. चौथ्याला पाना लावला तर आवाजच नाही. नट फिरत राहिला. अर्धा वळसा, पूर्ण वळसा. बाबांची सरळ, सुबक लाल रेघ आमच्या डोळ्यांदेखत तुटली आणि शेजारची माझी निळीही.

"हा तर मी आवळला होता," बाबा म्हणाले. "याची मला शंकासुद्धा नव्हती."

चाचणी रद्द झाली. सगळी पॅनेलं उघडायला घेतली आणि आम्हा दोघांना घरी पाठवलं. जेवणाची वेळ टळून गेली होती. आईने पानं वाढली, पण बाबा ताटावर बसले नाहीत. जुनी वही काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"दोन वर्षांत कुठे कुठे काम केलं ते सांगतो. तू लिही, माझ्याच्याने लिहवणार नाही."

आता ते हात लपवत नव्हते. एक छापखाना. एक शीतगृह. दोन उंच इमारती. प्रत्येकीत किती पॅनेलं, तेही त्यांना पाठ.

"मुलांचं रुग्णालय," ते म्हणाले. "तिसरा मजला. अगदी लहान बाळांना काचेच्या पेटीत ठेवतात, तो."

मी तेही लिहू लागले.

"लिहीत काय बसलीस? फोन लाव आधी."

मी लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलत नव्हतं.