तीनदा वाजलेला फोन

बाबा गेल्यावर पंधराव्या दिवशी मी कामावर रुजू झाले. वरसेहून पेणला जाईपर्यंत गाडीत कोण काय बोललं ते कानावर पडत होतं, आत जात नव्हतं. आमचं ऑफिस रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या वर आहे. त्या लॅबचं ॲप मीच लिहिलेलं. रिपोर्ट तयार झाला की फोन वाजतो, स्क्रीनवर संदेश येतो.

अकराच्या सुमारास खालच्या काउंटरवरची मुलगी एका मावशींना वर घेऊन आली. त्या धरमतरकडच्या, मिठागरावर कामाला जाणाऱ्या.

"तीनदा वाजला गो फोन," त्या म्हणाल्या. "एकदा नाय, तीनदा. म्हटलं, काय तरी वाईट हाय. काम टाकून आले."

रिपोर्ट नवऱ्याचा होता आणि चांगला होता. खाली तसं सांगूनही त्या फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहत होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी त्यांना पाणी दिलं आणि कोड उघडला.

बाजूच्या टेबलावरची ताई खुर्ची ओढून आली. "ऑब्झर्व्हर कशाशी बांधलायस?" रिपोर्ट आला की फोन वाजवणारा कोडचा तुकडा, त्याबद्दल ती विचारत होती.

"फ्रॅगमेंटशी," मी म्हटलं. म्हणजे ॲपमधल्या त्या अख्ख्या पानाशी.

"तिथंच चुकलं. यादीतून जुना रिपोर्ट उघडला की यादीचा व्ह्यू, डोळ्यांना दिसतो तो भाग, मोडतो, पण फ्रॅगमेंट मागे जिवंतच. परत आलं की तू नवा ऑब्झर्व्हर लावतेस, जुना तसाच राहतो. मावशी दोनदा जुना रिपोर्ट उघडून परत आल्या असतील. मग नवा रिपोर्ट आला, व्ह्यूमॉडेलमधला लाइव्हडेटा एकदाच बदलला, तरी ऐकणारे तीन."

मी this खोडून viewLifecycleOwner लिहिलं. आता व्ह्यू मोडला की ऑब्झर्व्हरही सुटेल. एका शब्दाचं काम. ओळीच्या बाजूला तारीख दिसत होती. बाबा आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून लिहिलेली ओळ.

"चूक माझी झाली, मावशी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला बरं नाय काय?"

"बाबा गेले माझे."

त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, तांदळाची भाकरी मोडली, वर सुकटीची चटणी ठेवली आणि अर्धी माझ्या हातात दिली. "खा."

मी खाल्ली. चव कळली नाही, पण सगळी खाल्ली. ताईने त्यांना वडखळच्या रिक्षात बसवून दिलं. दुपारी मी ॲपची नवी आवृत्ती पाठवली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "जेवलीस?"

"हो," मी म्हटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ते खरं होतं.