आठ वर्षांत न दिसलेले पाय

रत्नागिरीतल्या माझ्या साखरेच्या डॉक्टरांकडे मी आठ वर्षं भक्तिभावाने जात होतो. किनाऱ्यावरच्या नाटे गावात माझी आंब्याची बाग आहे. तिथून पहाटेची एसटी पकडायची, उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि थंडगार हॉलमध्ये काचेतले रंगीत मासे बघत बसायचं. मासेमारीच्या गावातून येऊन मासे बघायला फी भरणारा मी एकटाच असेन. आत गेल्यावर डॉक्टर संगणकाकडे बघत विचारायचे, "काय, आंबे खाल्लेत ना?" मी नाही म्हणायचो, ते एक गोळी वाढवायचे. तीन मिनिटांत दोघांचं समाधान. गोळ्या इतक्या दुर्मीळ, की फक्त त्यांच्याच खालच्या दुकानात मिळायच्या.

गेल्या मोसमात पेट्या ठोकून घरात आलो, तर बायको ओरडली, "अहो, लादीवर रक्त कसलं?"

दारापासून माझ्याच उजव्या पायाचे ठसे उमटले होते. पेटीचा खिळा चपलेतून आरपार गेला होता आणि सकाळभर मी त्याच्यावर हिंडत होतो. काहीच दुखलं नाही, याचा मला क्षणभर अभिमानही वाटला.

रत्नागिरीला फोन केला. "पाच दिवसांनी या," तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आणि रक्ताचे नवे रिपोर्ट आणा." खिळा बहुधा रक्तात दिसणार होता.

मग बायकोने गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि नायलॉनचा जाड दोरा हातात घेतला. "काका, डोळे मिटा. तळव्याला टोचलेलं कळलं की सांगा."

मी वाट बघत राहिलो. शेवटी विचारलं, "सुरुवात कधी करताय?"

"दोन्ही पाय तपासून झालेसुद्धा," ती म्हणाली. "साखरेने जाणीव गेलीय तुमची. डॉक्टर दरवर्षी पाय तपासतात ना?"

बायको खिडकीकडे वळली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

जखम भरायला दोन महिने लागले. दिवसाआड ड्रेसिंग, तेही फुकट. आता गोळ्याही तिथूनच घेतो. संपल्या असतील तर "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत येतो. सरकारी थाट तो शेवटी.

रत्नागिरीच्या डॉक्टरांना पाय दाखवायला एकदा दोघंही गेलो. त्यांनी लगेच यंत्रावरच्या पायतपासणीचं पॅकेज सुचवलं, ज्येष्ठांना सवलतीत.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही कधी तक्रारच केली नाहीत."

बधिर झाल्याची तक्रार पायांनीच करायला हवी होती, असं दिसतं. बायकोने टेबलावरची माझी फाइल उचलून पिशवीत घातली आणि डॉक्टरांना अगदी वाकून नमस्कार केला. तो शेवटचाच.