बापाच्या परवानगीचा पेग

"व्हिस्की आणा म्हटलं ना मॅडम? बाप स्वतः सांगतोय!"

रविवारची दुपार. बदलापूरच्या आमच्या फॅमिली रेस्टॉरंट-बारमध्ये सगळी टेबलं भरलेली. समोर अंबरनाथ एमआयडीसीतले एक फॅक्टरीमालक, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. सोबत बायको आणि घरची मंडळी, शेजारी मुलगा, आजच बावीस पूर्ण झालेला. पोराने पहिला पेग आपल्यासोबत घ्यावा, ही बापाची हौस.

मी इथली मॅनेजर. म्हटलं, "सर, त्याला बिअर देते. व्हिस्की नाही देता येणार."

महाराष्ट्रात बिअरला एकवीस पूर्ण लागतात, हार्ड लिकरला पंचवीस. पिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

"मी परवानगी देतोय ना!"

"घरची परवानगी इथे चालत नाही, सर."

त्यांनी तिथूनच आमच्या शेठना फोन लावला. शेठ सिंधी, उल्हासनगर कॅम्प दोनचे. दोन मिनिटांत माझा फोन वाजला.

"मॅडम, दे दो ना. इतना बडा कस्टमर है."

"शेठ, लायसन्स तुमच्या नावावर आहे आणि नोकरनाम्यात माझं नाव आहे." नोकरनामा म्हणजे दारू देणाऱ्या स्टाफची एक्साइजकडे केलेली नोंद. केस झाली तर दोघांवरही. "तुम्ही या आणि स्वतः ग्लास भरा. मी नोकरी सोडून घरी जाते."

फोन कट. घरी नवऱ्याला काय सांगायचं, ते मनात जुळवायला लागले.

शेठ आले. वेटर हातातलं काम सोडून बघत उभे. माझ्याकडे न बघता शेठ सरळ त्या टेबलापाशी गेले आणि हात जोडले.

"भाईसाब, मॅडम ने ना बोला, तो मेरी भी ना."

फॅक्टरीमालक ताडकन उठले. "चला रे, दुसरीकडे जाऊ."

पोरगा जागचा हलला नाही. "पप्पा, मला व्हिस्कीचा वासपण सहन होत नाही. तुम्ही कधी विचारलंच नाही."

आधी त्याची आई हसली, मग सगळं टेबल. शेवटी बापसुद्धा खाली बसला. मी स्वतः बिअर नेऊन ठेवली.

जाताना ते काउंटरवर आले. "मॅडम, फॅक्टरीची दिवाळी पार्टी इथेच करू. आमच्याकडे पंचविशीच्या आतली ट्रेनी पोरं भरपूर आहेत. त्या दिवशी ड्युटीवर तुम्हीच पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी शेठनी वयाचा मोठा बोर्ड थेट दारावरच लावला.

एवढ्या वर्षांत मी एकच शिकले. या धंद्यात 'नाही' म्हणायचं, तर पहिल्या ग्लासाआधी म्हणावं. तिसऱ्यानंतर ते कुणाला ऐकू येत नाही.