सासऱ्यांच्या जिन्याचं लाकूड

माझी बायको लाकडाची पारख करते. मग नवरा निवडताना ती पारख कुठे गेली होती, असं तिच्या मैत्रिणी अजून विचारतात. मी शिंपी. आमच्याकडे चुकलं तर उसवता येतं. तिच्याकडे करवत फिरली की फिरली.

लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात, अगदी असंच दार हवं म्हणतात. ती फोटो बघते आणि विचारते, दुपारचं ऊन कुठून येतं, फरशी किती पाण्याने पुसता. मग निवडलेल्या फळ्या त्याच खोलीत भिंतीला टेकवून बरेच दिवस नुसत्या ठेवते, त्यांना तिथली हवा मानवावी म्हणून. गिऱ्हाईक वैतागतं. ती सांगते, भाड्याने राहायचं तरी माणूस आधी खोली बघून येतो, या फळीला तर तिथे जन्म काढायचाय.

हे सगळं तिने वडिलांकडून घेतलं. सासरे वखारीत शिरले की वखारवाला खराब माल आपणहून मागे सरकवायचा. त्यांचा सुतारकामाचा कारखाना खाली, आम्ही वर राहतो. हळूहळू त्यांची नजर गेली, एकदा जिन्यात पाय घसरला आणि त्यांनी खाली येणंच सोडलं. मी हात धरतो म्हटलं, तर म्हणाले की ज्या जिन्यावरून मी कपाटं उतरवली, त्यावरून मला कपाटासारखं उतरवू नका. वर बसून रंध्याचा आवाज ऐकत राहायचे. त्यांचं बोलणं कमी होत चाललं, आणि बायकोला तेच खात होतं.

तिने जिन्याला नवा कठडा करायचं ठरवलं. सासऱ्यांनी लगेच फर्मान काढलं, माझी शिसवी फळी घे. ही फळी त्यांनी उभी हयात जपलेली. घरात मोठमोठी कामं झाली, पण तिला करवत लागली नाही. माझ्यासारख्या जावयाला तिच्यावर चहाचा कप ठेवायचीही बंदी होती. बायको नाही म्हणाली. फळी आखूड, कठड्याला सांधे येतील आणि दर सांध्याशी हात अडखळेल. वखारी पालथ्या घालून तिने साग आणला, एकही गाठ नसलेला, सरळ रेषांचा, वरपासून खालपर्यंत एकसंध जाईल इतका लांब.

"डोळे गेले म्हणून साधं लाकूड होय?" सासरे म्हणाले आणि जेवायला उठले नाहीत.

तिने वाद घातला नाही. साग जिन्याशी टेकवून ठेवला. मग एका दुपारी तिने शिसवी फळीच्या कडेवर करवत चालवली.

कठडा बसला त्या दिवशी तिने वडिलांना एवढंच सांगितलं, की मी खाली काम करतेय. आणि निघून गेली. ते बराच वेळ बसून राहिले, मग उठले. मी मागे उभा, हात शिवशिवत होते, पण पुढे केले नाहीत. त्यांचा तळवा सागावरून न अडखळता सरकत गेला. शेवटच्या पायरीशी थांबला. तिथे बायकोने शिसवाचा तुकडा असा बसवला होता की कड लागत नव्हती, फक्त लाकूड जरा थंड आणि कठीण लागायचं. ते अंगठा पुढे-मागे फिरवत राहिले. मग पाय जमिनीवर ठेवला.

"माझी फळी कापलीस."

"हो, बाबा. पायऱ्या संपल्या हे हाताला कळायला हवं ना."

ते कुणाचा हात न धरता चालत आपल्या जुन्या बाकापर्यंत गेले आणि बसले. मला बायकोचा एवढा अभिमान वाटला की मीच शिवलेल्या शर्टाची बटणं धोक्यात आली.

तिने पुन्हा रंधा हातात घेतला, पण चालवला नाही.

"उरलेली फळीही खाली आण," सासरे म्हणाले. "ती कुठे वापरायची ते मला इतकी वर्षं सुचलं नाही. आता तू ठरव."