जेवायला वर्ध्यात, झोपायला जामला

लॉजमध्ये माणसं उतरतात, थांबतात, कशीबशी रात्र काढतात. पण लॉजमध्ये नांदायला गेलेला मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे माझे साडभाऊ. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चंद्रपूरकडचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले, देहाने लोखंडी पेटीसारखे चौकोनी आणि आवाजाने त्या पेटीचं झाकण पडल्यासारखे. थोरली ताई गेल्यापासून ते एकटेच असतात आणि वर्षातून चार-दोनदा आमच्याकडे वर्ध्याला येतात. आमच्याकडे म्हणजे फक्त जेवायला. मुक्काम असतो जामच्या चौफुलीवरच्या लॉजमध्ये, आमच्या घरापासून एसटीने चांगल्या तासाभराच्या अंतरावर. सकाळी बसने येतात, हातात मेथीची जुडी नाहीतर वांगी असतात, दारातूनच "जयभीम, साडभाऊ!" असा पुकारा करतात, दुपारी पोटभर जेवतात, जेवणानंतर डोळा लागायला लागला की स्वतःच्याच मांडीवर फाडकन चापट मारून जागे होतात, संध्याकाळचं जेवण दिवेलागणीलाच उरकतात, आणि गळ्यातला मफलर सारखा करत उठतात. "चला," म्हणतात, "घरी जातो."

घरी! हा एक शब्द ऐकला की माझ्या बायकोच्या, सुमनच्या, हातातलं भांडं मोरीत जोरात आपटतं. आमच्या भागात ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावात येऊन लॉजवर उतरणं म्हणजे त्या घरावर डांबराने 'इथे माणसं राहत नाहीत' असं लिहून जाण्यासारखं आहे. "गल्लीतल्या बाया विचारतेत मले," सुमन म्हणते, "का तुमचे भाऊजी दिवसा दिसते अन् रात्री कुठी जाते? काय सांगू मी त्याईले?"

त्या मफलरबद्दल सांगायला हवं. तो पोपटी आहे, त्याच्या कडेला गुलाबी फुलं आहेत आणि तो बायकी आहे हे आंधळ्यालाही कळावं. ऐन मे महिन्यात, वर्ध्यात कावळेसुद्धा बोलायचे थांबतात तेव्हाही, तो साडभाऊंच्या गळ्यात असतो. त्याबद्दल कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचीही मला अधूनमधून टोचणी लागते. माझा स्वभावच तसा आहे. शेजारच्या घरात दूध नासलं तरी मला आधी वाटतं, आपण तर काही केलं नाही ना.

लॉजचं नाव आहे 'निवांत'. पाटीवर खाली लिहिलंय, 'ऐतिहासिक वर्धा नगरीच्या कुशीत'. ही कूस बरीच लांब आहे. तिच्यात मधे कितीतरी गावं आणि एक टोलनाका मावतो. सेवाग्राम-पवनार पाहायला निघालेले बाहेरगावचे प्रवासी ही पाटी वाचून भक्तिभावाने उतरतात आणि सकाळी वर्धा अजून किती लांब आहे ते कळल्यावर मॅनेजरशी भांडतात. खाली ढाबा आणि पंक्चरचं दुकान, वर खोल्यांची एक रांग. पुढच्या खोल्यांच्या खिडक्या थेट हायवेवर उघडतात. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा प्रत्येक ट्रक त्या खिडकीखाली येऊन गिअर बदलतो, आणि हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जाणं त्याला अपशकुनाचं वाटतं. टॉवेल इतका विरळ की त्यातून हायवे दिसतो. बादलीला तडा आहे, म्हणून ती कायम नळाखालीच ठेवावी लागते. टीव्हीवर एकच चॅनल लागतं आणि त्यावर चोवीस तास कोणीतरी सांधेदुखीचं तेल विकत असतं.

साडभाऊंचा या सगळ्यावर जीव आहे. येताना ते स्वतःची चादर, स्वतःचं कुलूप, कपडे वाळत घालायची दोरी, दारापुढचं पायपुसणं आणि स्वतःचा बल्ब घेऊन येतात. उभा जन्म वीज खात्यात गेल्यामुळे दुसऱ्याच्या बल्बवर त्यांचा विश्वास नाही. आल्याबरोबर लॉजचा बल्ब काढून ते मॅनेजरच्या हातात देतात आणि जाताना परत घेऊन लावतात. पहिल्या वेळी मॅनेजरने भल्या मनाने सांगितलं होतं, "काका, मागची खोली घ्या. तिकडं शांत हाये, झोप लागते." तर साडभाऊ असे भडकले म्हणे, की जणू त्याने गोठ्यात झोपायला सांगितलं. "मले काऊन मांगं टाकून राह्यला बे? मी पुढंच राहीन!" तेव्हापासून रस्त्यावरची ती कोपऱ्यातली खोली त्यांचीच. सकाळी बनियनवर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला "कोण्या गावचे? जेवले काय?" असं विचारतात. एकदा नागपूरच्या एका साहेबांनी त्यांना नोकर समजून गरम पाणी मागितलं. साडभाऊंनी ते खालून बादलीभर आणून दिलं, वर त्या साहेबांना आंघोळ कशी करावी यावर भाषणही दिलं, आणि साहेब निघाले तेव्हा जिन्यापर्यंत पोचवायला जाऊन "पुढच्या बारीले बायकोले घेऊन येजो," असं बजावलं. साहेब अजून त्यांना दिवाळीचा मेसेज पाठवतात.

आम्हालाही ते तिथे बोलावतात. "या ना एखांद्या दिवशी आमच्या घरी," असं आम्हाला, आमच्या घरात बसून! आणि खरंच गेलं तर जिन्यातच पाण्याचा तांब्या घेऊन उभे असतात. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात. ते पाणी आपण त्यांना द्यायचं सोडून तेच आपल्याला हायवेवरच्या लॉजमध्ये देतात, तेव्हा काय करावं ते कळत नाही. मी ते पाणी खाली मान घालून पितो.

यंदा आमच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. घरच्या घरी, आटोपशीर. पण वडीलधारं म्हणून पुढे बसायला साडभाऊंशिवाय दुसरं कोणी नाही. सुमनने मला समोर बसवलं. "हे पाहा," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी व्याही दारात, अन् माहे भाऊजी पिशवी घेऊन बसमधून उतरून राह्यले, प्रवाशावानी! हे मी पाहणार नाई. आदल्या दिवशी मुक्कामाले या म्हणा. नाई तर येऊच नका म्हणा. ताई तर गेलीच. मंग नातं तरी कायले लोंबत ठेवायचं?"

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला कळलं की हा रुसवा साधा नाही. ताईचं म्हणून आमच्या वाट्याला जे काही उरलंय ते जामच्या लॉजवर दोरी बांधून कपडे वाळवतंय, आणि सुमनला ते घरात हवंय.

मी जामला गेलो. साडभाऊ तांब्या घेऊन जिन्यात उभेच. आलूबोंडे मागवले, चहा मागवला, मी पोचल्याचं मॅनेजरला तीनदा सांगितलं. मी बसमध्ये सगळं ठरवून आलो होतो. ते आमच्याकडे राहत नाहीत यात चूक माझीच असणार याबद्दल मला शंका नव्हती. फक्त नेमकी कोणती, ते कळत नव्हतं. म्हणून मी सगळ्याच कबूल करायला सुरुवात केली.

"साडभाऊ, आमच्या न्हाणीची कडी लागत नाही, मी दुरुस्त करतो करतो म्हणून राहून गेलं."

"कडी कायले पाह्यजे? मी गाणं म्हणतो ना आतमंदी."

"मागं तुम्ही ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगत होता आणि मला झोप लागली."

"ते सांगता सांगता मले बी लागते."

"मटणातली नळी तुमच्या ताटात वाढायची होती, ती मी खाल्ली."

इथे साडभाऊ जरा थांबले. "कवा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला. "ते नव्हतं मले मालूम. पण त्याच्यासाठी नाई."

बाजेची सैल नवार, आमचा भुंकणारा कुत्रा, ताईच्या पुण्यानुमोदनाला मी भाषण करताना अडखळलो ते, सगळं झालं. साडभाऊ प्रत्येक गुन्हा ऐकून मान हलवत होते, एखाद्या गिऱ्हाइकाने "हा नको, दुसरा दाखवा" म्हणावं तशी. माझ्याजवळचे गुन्हे संपले तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. "आता मुक्काम करा," साडभाऊ आनंदाने म्हणाले. "पाहुणा असा संध्याकाळचा जात असते काय?"

तर अशा रीतीने माझ्या घरी राहत नाहीत म्हणून ज्यांना आणायला गेलो त्यांच्याकडेच मी मुक्कामाला राहिलो. त्या रात्री ट्रकांनी मला घटकाभरही झोपू दिलं नाही. सकाळी तर्री-पोह्यांच्या बशीवर माझे लाल डोळे पाहून साडभाऊंनी हळूच विचारलं, "रात्री काई ऐकू आलं काय?"

"ट्रक," मी म्हणालो. "दुसरं काय ऐकू येणार?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. खुर्ची जवळ ओढून, खिडकीकडे पाहत ते म्हणाले, "मंग सांगतो. मी घोरतो, साडभाऊ. सादं नाई. बायको गेली त्याच साली पोराकडं पुण्याले गेलतो. नातीनं मोबाइलमंदी काईतरी वाजवलं सकाळी. मी म्हणलो, हे थ्रेशर कोणाच्या वावरात सुरू हाये? तर सून मान खाली घालून हसे. मी होतो ते! पूर्ण बिल्डिंग जागी होती म्हणे. सोसायटीवाल्यानं वॉचमन पाठवला होता. तवापासून कोणाच्या घरी झोपत नाई मी. इथं बरं हाये. इथले ट्रक माह्याहून मोठे हायेत."

मी पोह्यांचा घास हातातच धरून बसलो.

"माह्या बायकोनं मातर कधी एका शब्दानं म्हणलं नाई," ते पुढे म्हणाले. "तिले झोप चांगली. फक्त कान नाजूक होते बिचारीचे. रोज रात्री कापूस घाले कानात. वारं जाते म्हणे. लगन झालं तवापासून! नागपूरले दाखवलं मी कानाच्या डॉक्टरले. तो म्हणे, कान ठणठणीत हायेत. मी म्हणलो, तुमची मशीन बिघडली असन. मंग हरसाल मफलर घ्यावो तिले. हे शेवटचं." आणि त्यांनी पोपटी मफलरचं टोक उचलून मला दाखवलं.

आयुष्यभर जे मनात येईल ते लगेच कबूल करून टाकणारा मी माणूस. जिभेवर आलेलं ते एक वाक्य त्या सकाळी मी तर्रीबरोबर गिळून टाकलं. एवढंच म्हणालो, "साडभाऊ, आमच्याकडे सगळे गाढ झोपणारे आहेत. या तुम्ही." ते नाही म्हणाले, मग पाहू म्हणाले, आणि शेवटी पोरीचं नाव निघाल्यावर म्हणाले, "सुमन चालन म्हणते काय, ते विचारून घ्या पह्यले."

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती आधी इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली, आणि बसल्यावर तिचं हसू कुठल्या क्षणी रडणं झालं ते तिलाही कळलं नसावं. "ताई असीच होती," ती म्हणाली. मग डोळे पुसून उठली आणि माळ्यावरच्या जुन्या उशीतला कापूस काढायला लागली. वर्ध्यात कशाचीही टंचाई होईल, कापसाची होणार नाही.

आदल्या दिवशी साडभाऊ आले. चादर, कुलूप, दोरी, पायपुसणं, बल्ब, सगळं घेऊन; फाशीच्या कैद्याचा चेहरा करून. जेवायला बसले. सुमन वाढायला आली. तिच्या दोन्ही कानांतून कापसाचे पांढरे तुरे बाहेर आलेले. मागून मुलगी भात घेऊन आली. तिच्याही कानांत तुरे. साक्षगंधासाठी आलेली माझी आत्या कोपऱ्यात पोळ्या लाटत होती, तिने तर इतका कापूस कोंबला होता की दुरून डोक्याला दोन बोंडं फुटल्यासारखी वाटत होती.

साडभाऊंचा घास थांबला. "सुमन," त्यांनी मोठ्याने विचारलं, "कानाले काय झालं वो?"

"वारं जाते, भाऊजी."

"तुले बी?"

"आमच्या माहेरचंच हाये ते," सुमन म्हणाली. "मायले होतं, ताईले होतं, मले हाये. पोरीलेबी लागलं आता."

"अन् आत्याबाईले? त्या तं या साडभाऊच्या बाजूनं हायेत."

"लागण झाली त्याईले," सुमन म्हणाली.

साडभाऊंनी ताट बाजूला सारलं. मग हात धुऊन उठले, गळ्यातला मफलर सोडला आणि लहान मुलीला बांधावा तसा सुमनच्या डोक्याभोवती, कान झाकून, घट्ट बांधला. "कापसानं काई होत नाई," ते म्हणाले. "हे बांधत जा." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी आमचा बल्ब काढला व स्वतःचा लावला.

त्या रात्रीबद्दल मी फार काही लिहीत नाही. कुत्र्याने घर सोडलं, तो तिसऱ्या दिवशी परत आला. पण साक्षगंधाला साडभाऊ पुढे बसले ते असे टवटवीत, की व्याह्यांना तेच मुलीचे वडील वाटले आणि मी कोणीतरी आजारी पाहुणा. सुमन दिवसभर जरीच्या साडीवर पोपटी मफलर बांधून फिरत होती. विहीणबाईंनी न राहवून विचारलं. "कानात वारं जाते," ती म्हणाली, आणि विहीणबाईंनी लग्नात मफलर आणायचं कबूल केलं.

साडभाऊंना कळलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. डॉक्टरची मशीन बिघडली नव्हती हे त्यांना तेव्हा उमगलं, की ते मुद्दामच उमगून घेत नव्हते? मी विचारलेलं नाही. त्याची टोचणी मात्र, आश्चर्य म्हणजे, लागत नाही.

त्या संध्याकाळी साडभाऊ सवयीने उठले. "चला, घरी—" म्हणाले आणि थांबले. "मॅनेजर वाट पाहत असन. सांगून तरी यावं लागन त्याले." फाटकापर्यंत गेले. मफलर सारखा करायला हात गळ्याकडे गेला, तिथे काहीच नव्हतं. हात तसाच गळ्यावर ठेवून त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात सुमन उभी होती, डोक्याला मफलर, संध्याकाळच्या उजेडात. आणि त्या बहिणी दिसायला किती सारख्या होत्या ते आम्हा दोघांनाही एकाच वेळी दिसलं.

"राहू दे तुह्यापाशीच," साडभाऊ म्हणाले. "अन् तो बल्ब काढजो नोको. पुढच्या बारीले लागन मले."