लटारूच्या बॅटरीचा एमआरआय

आमच्या चामोर्शीत एमआरआय झालेल्या माणसाला फार मान. भेटायला येणाऱ्याला चहाआधी फिल्म दाखवतात. ती खिडकीकडे धरून सगळे माना डोलावतात. कळत कोणालाच काही नाही. अशा गावात लटारूभाऊच्या बॅटरीचा एमआरआय झाला, मग काय विचारता!

लटारूचं दुकान माझ्या शिलाई मशीनच्या अगदी समोर. भंगारातल्या सौर दिव्यांतले पाकिटासारखे चपटे सेल काढायचे, चकचकीत वेष्टनात गुंडाळायचे आणि नवे म्हणून विकायचे, हा त्याचा उद्योग. पोरगी दिव्यानी मात्र हुशार. पुण्याकडे संशोधन करते. सेल न फोडता एमआरआयच्या यंत्रात ठेवायचा, त्याच्या भोवती ठेवलेल्या पाण्याचं चित्र काढायचं आणि त्यावरून आतला बिघाड ताडायचा, हे तिचं काम. जाताना तिने बापाच्या दुकानातला एक सेल नेला आणि पुढे त्याचं चित्र मोबाइलवर पाठवलं. निळ्या रंगात मोठा लाल डाग.

लटारूने ते मोठं करून फ्रेममध्ये बसवलं, हार घातला, वर बॅटरीचा दिवा टांगला. गिऱ्हाईक आलं की बोट दाखवायचा, "लाल दिसते ना, तो जोर हाये जोर! एमआरआय पास बॅटरी हाये आपली." लोक माना डोलवायचे आणि बॅटरी घेऊन जायचे. मला शिवता शिवता संताप यायचा.

बाजाराच्या दिवशी भामरागडकडच्या एका टोल्यावरची, लहानशा वस्तीवरची, आशा कार्यकर्ती गिरजाबाई आली. पावसाळ्यात रस्ता तुटला की तिकडच्या बाळंतिणींना तिच्या दिव्याचाच आधार, आणि त्याचीच बॅटरी गेलेली. लटारूने तिला फ्रेमसमोर उभं केलं. सुट्टीवर आलेली दिव्यानी नेमकी तेव्हाच बापाचा डबा घेऊन दुकानात शिरली.

"पोरी, तूच सांग," गिरजाबाई म्हणाली, "हा लाल डाग काय दाखवून राह्यला?"

लटारूला एकदम खोकला लागला.

"मावशी, लाल दिसते तिथी सेल आतून खराब हाये," दिव्यानी म्हणाली. "मले अभ्यासाले सगळ्यात खराब सेल पाहिजे होता. म्हणून तर बाबाच्या दुकानातून नेला."

"मशीन बिघडली असन तुझी," लटारू पुटपुटला.

"मंग तुमच्या या दिव्याले काऊन कंपनीची नवी बॅटरी लावली, बाबा?"

स्वतःच्या मालावर फोटोपुरताही दिवा लावायची लटारूची छाती नव्हती. दिव्यानी स्टुलावर चढली, दिवा बॅटरीसकट उतरवला आणि गिरजाबाईच्या हातात दिला.

"अवं पोरी, फोटो अंधारात जाईन ना!"

"बाळंतिणीले उजेड लागते, बाबा. फोटोले नाई लागत."

फ्रेम अजून तिथेच आहे, दिव्याविना. कोणी विचारलं तर लटारू आता जोराचं नाव काढत नाही. "फोटो पोरीनं काढला," एवढंच म्हणतो. त्या दुकानात तेवढाच एक माल अस्सल आहे.