उभी कापलेली दिशदाशा

वॉर्डातल्या पहिल्याच सकाळी मी एका गाढ झोपलेल्या म्हाताऱ्याची नवीकोरी दिशदाशा खालच्या काठापासून गळ्यापर्यंत कात्रीने उभी कापली.

म्हाताऱ्याला तसं काही झालेलं नव्हतं. गुडघा बदलायचा होता, म्हणून आदल्या संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालत येऊन दाखल झाला होता. दिशदाशा म्हणजे इथल्या, कुवेतमधल्या पुरुषांचा घोट्यापर्यंतचा अंगरखा. उन्हाळ्यात पांढरा, हिवाळ्यात राखाडी नाहीतर तपकिरी, जाड लोकरी कापडाचा. ही राखाडी होती. नातवाच्या लग्नासाठी मुद्दाम शिवून घेतलेली. ऑपरेशनला जातानाही माणसाने नीटनेटकं दिसावं म्हणून त्याने, म्हणजे आमच्या हाजींनी, ती रात्रीसुद्धा उतरवली नव्हती.

इन्चार्ज सिस्टर मला एवढंच म्हणाल्या होत्या, "ब्रदर, खिडकीजवळच्या पेशंटला गाऊन घाला, थिएटरवाले येतायत." गाऊन घालायचा तर आधी अंगावरचं काढायला हवं. आणि आडव्या माणसाच्या अंगावरचं काढायची मला एकच रीत माहीत होती. मी पॅरामेडिक. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीच्या बाजूला एका ठेकेदार कंपनीच्या ॲम्ब्युलन्सवर माझ्या नोकरीची निम्मी वर्षं गेली. तिथे उन्हाने कोणी कोसळला की आम्ही बटणं शोधत बसत नाही. कमरेची कात्री निघते, खर्रकन कामगाराचा अंगभर कव्हरऑल उघडतो, की आमचं काम सुरू. त्या कात्रीने बूट कापला जातो, गाडीचा सीटबेल्ट कापला जातो. लोकरी कापड म्हणजे तिच्यापुढे लोणी.

मी विचारलं नव्हतं असं नाही. "हाजी, कपडे बदलायचेत," असं खांदा हलवून म्हणालो होतो. झोपेची गोळी घेतलेल्या, कानातलं यंत्र काढून ठेवलेल्या त्या माणसाने "हूं" केलं. मी ते मंजुरी म्हणून घेतलं.

एसीचा गारवा उघड्या पोटाला लागला तेव्हा हाजी जागे झाले. डावीकडे बघितलं, अर्धी दिशदाशा. उजवीकडे बघितलं, उरलेली अर्धी. मग अगदी सावकाश टेबलावरचं यंत्र उचलून कानात बसवलं, कारण माझं उत्तर त्यांना नीट ऐकायचं होतं.

"शिनू हाधा?" हे काय आहे?

"गाऊन, हाजी."

"मी मेलो होतो का?"

"नाही हाजी."

"मला गाडीने उडवलं होतं?"

"नाही हाजी."

"मग माझे कपडे का फाडलेस?"

त्या पहिल्या अरबी प्रश्नानंतरचं सगळं हिंदीत चाललं होतं. हाजींचे वडील जुन्या काळी शिडाच्या जहाजातून खजूर घेऊन मुंबईला जात. त्यामुळे घरात थोडं बंदरावरचं हिंदी उतरलं होतं. ते मी इथे मराठीत आणून सांगतोय. त्यातल्या शिव्या गाळल्यात, नाहीतर हा लेख अजून लांबला असता.

इन्चार्ज सिस्टर केरळच्या. बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात टांगलेला, आणि आवाज असा की मॉनिटरसुद्धा त्यांना विचारून वाजत असावा. त्यांनी आधी हाजींची माफी मागितली, त्यांना चादर पांघरली, गाऊन घालून थिएटरला रवाना केलं. मग माझ्यासमोर हात पसरला.

"कात्री."

दिली.

"ही माझ्या ड्रॉवरमध्ये राहणार. ब्रदर, हा वॉर्ड आहे, हायवे नाही."

आता मी चाळिशी उलटल्यावर या वॉर्डात कशाला तडमडलो होतो, ते सांगायला हवं. पॅरामेडिकना नर्स होण्यासाठीचा एक कोर्स मी करत होतो. वर्षभर संध्याकाळी थिअरी, आणि शेवटी थोडे दिवस वॉर्डातलं काम. वॉर्डाच्या इन्चार्जने हिरवा कंदील दाखवला तर शेवटची परीक्षा, नाहीतर सगळं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. बायको नर्सच आहे. लोकांना वाटायचं तिच्या बरोबरीला यायचं म्हणून माझी ही धडपड. तसं नव्हतं. म्हणजे तेवढंच नव्हतं.

ॲम्ब्युलन्सवाल्याचं आयुष्य एका दारापाशी संपतं. इमर्जन्सीच्या सरकत्या दारातून स्ट्रेचर आत जातं, आपण एका दमात सगळी माहिती सांगतो, सही घेतो आणि गाडी धुवायला जातो. एकदा एका ओडिशाच्या वेल्डरने वाटभर माझा हात धरून ठेवला होता, सोडायलाच तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेलो तर दारावरच्या माणसाने विचारलं, "नातेवाईक का?" मी नाही म्हणालो आणि परत फिरलो. इतकी माणसं पोचवली, पण कोणाचा दुसरा दिवस कधी बघितला नव्हता. तो मला बघायचा होता. पहिल्याच सकाळी कात्री चालवून मी ती संधी जवळजवळ घालवली होती.

संध्याकाळी महबूल्यातल्या घरी जेवताना हे सांगितलं. बायकोने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि तिला असं हसू फुटलं की हातातली भाकरी परातीत मोडली.

"अहो, त्याला उठवायचं ना! बसवायचं, हात वर करायला सांगायचं, डोक्यावरून काढायची. आपल्या पोरीचा फ्रॉक काढत नव्हतात का तुम्ही?"

"तेव्हा माझ्याजवळ कात्री नव्हती."

मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, यू कट अ ग्रँडपा?"

"ग्रँडपा नाही गं, ग्रँडपाचे कपडे."

"दॅट्स वर्स," ती म्हणाली आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी निकाल सांगितला. हाजींच्या मुलाने तक्रार करायची तयारी केली होती, सिस्टरनी देऊ केलेली नवी दिशदाशा मात्र नको म्हणाला. हाजींनी मुलाला गप्प केलं आणि स्वतःच मला शिक्षा सुनावली: ज्याने कापली तोच शिवेल. शिंपी नको, मशीन नको. इथे, हाजींसमोर बसून, हाताने.

"आणि माझं ऐका," सिस्टर म्हणाल्या. "हा पेशंट घरी जाईपर्यंत तुमचा. अंघोळ, चालणं, औषधं, सगळं. शिवण ब्रेकमध्ये. जायच्या दिवशी मी त्यांनाच विचारणार, तुम्हाला परीक्षेला पाठवू की नको."

म्हणजे माझी परीक्षा एका चिडलेल्या म्हाताऱ्याच्या हातात.

बायकोने घरून सुई आणि दोऱ्याचं रीळ दिलं. दोरा पांढरा. राखाडी घरात नव्हता, आणि असता तरी तिने दिला नसता असा मला दाट संशय आहे. "दिसू देत की," ती म्हणाली, "तुम्ही काय केलंत ते."

तर असं माझं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. सकाळी हाजींना अंग पुसून द्यायचं, वॉकर धरून चालवायचं, बाराच्या सुमाराला खुर्ची ओढून शिवायला बसायचं. बसायचं, हीच मुख्य पंचाईत. मला पेशंटजवळ बसता येत नाही. गाडीत मी गुडघ्यावर असतो नाहीतर उभा, एक हात ऑक्सिजनवर, डोळा रस्त्यावर. सुरुवातीला दोन-चार टाके घालून मी उठायचो, खिडकीतून खाली आलेली ॲम्ब्युलन्स बघायचो, परत यायचो.

"तुझ्या खुर्चीत खिळा आहे का?" हाजी विचारायचे.

"नाही हाजी."

"मग शिव."

टाका त्यांना एकही पसंत नव्हता. "हा वाकडा." "हा ढिला." "माझ्या बापाच्या जहाजाचं शीड आंधळ्या खलाशाने शिवलं होतं, ते याहून बरं होतं." मी उसवायचो, पुन्हा घालायचो. मधून त्यांची बायको घरून डब्यात मच्छीभात पाठवायची, त्यातला एक वाटा शिव्यांसकट मला मिळायचा. कोकणातल्या माणसाला मासे देऊन कोणी कितीही बोलावं.

नर्सिंगमध्येही माझी हीच गत. ड्यूटी बदलताना पेशंटची सगळी माहिती पुढच्या पाळीला सांगावी लागते. माझी पाळी आली तेव्हा मी सवयीने एका श्वासात म्हणालो, "पेशंट शुद्धीवर, श्वास चालू, नाडी उत्तम."

सिस्टर म्हणाल्या, "ब्रदर, इथे सगळेच जिवंत आहेत. पुढे बोला."

पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं: जेवले किती? पोट साफ झालं? कुठल्या कुशीवर झोपले? आज गप्प आहेत की बोलतायत? मी मनात म्हटलं, गप्प? हाजी? पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि तेच बरं झालं.

शिवण छातीपर्यंत आली त्या दुपारची गोष्ट. मी खुर्चीत बसून टाके घालत होतो. एक वाकडा गेला. मी थांबलो, शिवी यायची वाट बघितली. आली नाही. दुसरा मी मुद्दाम वाकडा घातला, चांगला बोटभर. तरी काही नाही. वर बघितलं. हाजी छताकडे बघत होते. कपाळावर घाम, बोटांनी चादर ओढत होते.

"हाजी, ठीक आहात ना?"

त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, जहाज निघालं का?

इथे माझ्यातला नर्स जागा व्हायला हवा होता. जागा झाला तो ॲम्ब्युलन्सवाला. सुई कापडात खोचली, बेडचे कठडे वर केले, पायाने ब्रेक सोडला, आणि हाजींना बेडसकट घेऊन निघालो. भिंतीतली वायर खसकन उपटली गेली. वॉर्डाच्या दारातून मी वळण असं सुरेख घेतलं की कोणीही वाहवा करावी. कॉरिडॉर ओलांडून लिफ्टपाशी आलो. समोरून चहाची ट्रॉली घेऊन येणारा पोरगेलासा बंगाली बाजूला सरकला आणि सहज म्हणाला, "किधर, ब्रदर?"

किधर?

मी लिफ्टच्या बटणावर बोट ठेवून उभा. आयुष्यभर एकच पत्ता ठाऊक होता: लवकर हॉस्पिटलला. आणि हॉस्पिटल तर हेच होतं. त्याच्या पुढे न्यायला जागाच नव्हती. यापुढे जे काय करायचं ते इथेच, या माणसाजवळ थांबूनच करायला हवं होतं.

बेड वळवला. परत येताना मात्र डोकं चालायला लागलं. ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी आदल्या संध्याकाळी काढली होती. सकाळपासून मी त्यांना अंग पुसलं, चालवलं, जेवू घातलं, पण लघवीला एकदाही नेलं नव्हतं, त्यांनी मागितलंही नव्हतं. बेड जागेवर लावला, ब्रेक मारला, गाऊनवरून ओटीपोटावर हात ठेवला. टरटरून फुगलेलं, कलिंगडासारखं.

मी बेल दाबली आणि सिस्टर आल्या तेव्हा एका दमात नाही, नीट सांगितलं: सकाळपासून लघवी नाही, पोट घट्ट, घाम, चादर ओढतायत, मला ओळखलं नाही, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दोन वाकडे टाके पडले तरी मला बोलले नाहीत.

सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. मग डॉक्टरांना फोन, नळी, सगळं भराभर झालं. हाजींच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की बघणाऱ्यालाही मोकळं वाटावं. तासाभराने त्यांनी डोळे उघडले, माझ्या मांडीवरचं कापड चाचपलं आणि बोट ठेवलं.

"हा काय टाका आहे?"

मला एवढा आनंद झाला, की मी तो उसवताना माझंच बोट टोचून घेतलं.

संध्याकाळी सिस्टर एवढंच म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला दिलात." मी छाती फुगवली. "बेड फिरवून आणलात ते मी बघितलं नाही असं समजू नका." मी छाती खाली केली.

नळी पुन्हा निघाली, हाजी स्वतःहून बाथरूमला जाऊ लागले, आणि मी रोज ड्यूटी बदलताना ते इतकं सविस्तर सांगायचो की रात्रपाळीच्या नर्सेस घड्याळाकडे बघायच्या. जायच्या दिवसापर्यंत दिशदाशा गळ्यापर्यंत शिवून झाली. कापलेल्या जागी मधोमध पांढरी, जाडजूड रेघ उठली होती. हाजींना बसवलं, हात वर करायला सांगितलं आणि ती डोक्यावरून घातली. बायकोने सांगितलं होतं तशीच. कुठेही न कापता.

त्यांनी आरशात बघितलं. मुलगा बापाला म्हणाला, "याबा, घरी गेल्यावर बदला." हाजी म्हणाले, "लग्नात हीच घालणार. लोक विचारतील, मी सांगेन." आणि वॉकर घेऊन निघाले. पांढरी रेघ त्यांच्या पुढे पुढे चाललेली.

नर्सिंग स्टेशनपाशी सिस्टर उभ्या होत्या. मी हाजींच्या मागे, हात बांधून, माझं एक वर्ष त्यांच्या जिभेवर टांगलेलं.

"हाजी, खरं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "ब्रदरना परीक्षेला पाठवू, की परत ॲम्ब्युलन्सवर?"

हाजींनी वॉकर थांबवला. कानातलं यंत्र नीट केलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग छातीवरच्या टाक्यांकडे.

"पास करून टाक याला, सिस्टर. हा परत रस्त्यावर गेला तर अख्ख्या कुवेतमध्ये कोणाच्या अंगावर धड कपडा राहणार नाही."